काच पुसली

डोळ्याची पट्टी निघून तिसरा दिवस होता, आणि योगिताच्या घरात टीव्हीशेजारी ठेवलेल्या कंदिलाच्या काचेवर मला ओरखडे दिसले. कंदील आमच्याच घरचा. माझी बायको तारा गेल्यावर योगितानं तो मागून घेतला, बीडला आणला आणि शोभेला मांडला. सकाळचं ऊन खिडकीतून त्याच्यावर आडवं पडलं होतं. चाळीस वर्षं मी ती काच बघत आलो होतो, आणि ती आरशासारखी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. आता तिच्यावर केसाएवढ्या बारीक रेघाच रेघा होत्या, गोल गोल, एकीत एक गेलेल्या, कोळ्यानं जाळं विणून काढून न्यावं आणि नुसती खूण राहावी तशा. मी उजवा डोळा हातानं झाकला. डाव्या डोळ्याला काच साफ दिसली. थोडी पिवळी, पण साफ. मग डावा झाकला. रेघा परत आल्या.

"आबा, डोळ्याला हात लावू नका म्हणलेत ना डॉक्टर," योगिता स्वयंपाकघरातून म्हणाली.

"हात न्हाई लावला. झाकला."

"झाकायचा बी न्हाई."

जावई बिभीषण दारात बसून बूट घालत होता. तो म्हणाला, "आबाचा एक डोळा नवा आन् एक जुना. आता दोघांची भांडणं लागणार. कोर्ट योगिताचं." तो हसत हसत कामावर गेला. मी खुर्चीत तसाच बसलो आणि जरा वेळानं योगिताला विचारलं, "ह्या काचंला रेघा कवा पडल्या गं?"

"पहिल्यापासून हायत. मायनं राखेनं घासून घासून पाडल्यात. कावून?"

"काही न्हाई," मी म्हणालो.

काही नाही म्हटलं खरं, पण कळपातली एखादी मेंढी मागं राहिली की मोजायच्या आधीच जसं कळतं, कोणती ते नाही कळत, नुसतं काहीतरी कमी आहे एवढं कळतं, तसं मला झालं. ऑपरेशननंतर मला सगळंच असं झालं होतं. उजव्या डोळ्याला योगिताच्या घरची भिंत पांढरी दिसायची, जरा निळसरच, आणि डाव्याला तीच भिंत चहा सांडून वाळल्यासारखी. दोन्ही उघडे ठेवले की भिंत कोणत्या रंगाची ते मला ठरवता येत नव्हतं. मी योगिताला विचारलं, तर ती म्हणाली पांढरी. पण ती तर तिला तिच्या डोळ्यानं दिसत होती. मला आधी वाटलं होतं की मोतीबिंदू काढला म्हणजे जग धुऊन निघेल आणि गोष्ट संपेल. झालं उलटं. आजवर बघितलेलं सगळं आता मला पुन्हा तपासावं लागणार असं दिसत होतं, आणि त्यात माळावरची काच होती.

धारूरच्या वर तो माळ आहे. तिथं मी पन्नास वर्षं मेंढ्या चारल्या. झाड नाही, घर नाही, आणि म्हणूनच सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेची माणसं तिथं आली. त्यांना अंधार हवा होता. पुढाऱ्याकडे उजेड मागणारी माणसं मी लई बघितली होती, अंधार मागत आलेली पहिल्यांदाच बघितली. त्यांनी सिमेंटचा चौथरा बांधला, त्यावर लोखंडी पेटी बसवली, पेटीत दिवा, आणि दिव्यावर उपड्या पातेल्यासारखं झाकण. आम्ही त्याला काच म्हणायचो, ती होती जाड पारदर्शक प्लास्टिकची. त्यांच्यात प्रियदर्शनी नावाची अंबाजोगाईची पोरगी होती. मला समजेल असं बोलणारी तीच एक. तिनं चहाचा रिकामा कप डोक्याच्या वर धरून मला सांगितलं होतं, "मामा, वर एक उपग्रह फिरतो. रोज रात्री दीडच्या सुमाराला ह्या माळावरून जातो आन् पृथ्वीवरचे दिवे बघतो. कुठल्या गावात किती उजेड, सगळं टिपून घेतो. पण त्याचा डोळा बी वर म्हातारा होतो. ऊन लागतं, थंडी लागते. मंद झाला तर त्याचं त्याला कसं कळणार?"

"आपल्याला बी कुठं कळतं," मी म्हणालो होतो.

"म्हणून खाली एक दिवा ठेवायचा. त्याचा उजेड किती ते आपल्याला पक्कं ठाऊक. वरून तो कमी दिसला, तर तेवढा वरचा डोळा गेला असं धरायचं. मग जगातल्या सगळ्या दिव्यांचे आकडे तेवढे वाढवून घ्यायचे."

दिवा आपोआप लागायचा, आपोआप विझायचा. पेटीच्या आत एक मीटर होता, तो दिव्यावर लक्ष ठेवायचा. माझ्याकडे तीन कामं होती. आसपास दुसरा उजेड होऊ द्यायचा नाही. रोज दिवस मावळायच्या आत, दिलेल्या बाटलीतल्या पाण्यानं, दिलेल्या मऊ फडक्यानं काच पुसायची. आणि ती पुसली असं वहीत लिहून सही करायची. तिसऱ्या कामापाशी मी अडलो. मला अक्षर येत नव्हतं. वय सत्तावन्न. योगिताचं तेव्हा लग्न व्हायचं होतं, ती मास्तरीण व्हायला शिकत होती, आणि तिनं मला दोन महिने पाटी घेऊन बसवलं. नावानंतर मी जे पहिलं लिहायला शिकलो ते 'काच पुसली'. बाकीची अक्षरं नंतर आली, ती मागून येणाऱ्या मेंढ्यांसारखी, काही लंगडत. पण 'काच पुसली' माझ्या हातात अशी बसली की मी ते न बघता लिहू शकलो असतो. योगितानं तारालाही पाटी देऊन बघितली. तारानं पाटी चुलीपुढं उपडी ठेवली आणि म्हणाली, "मला कशाला गं ते. तुझ्या बापाला लिवू दी. मी पुसते."

तेव्हा आम्ही तिघं हसलो होतो.

पण झालं तसंच. दुसऱ्या वर्षी सगळं बंद पडलं, रस्ते बंद, गाड्या बंद, आणि बाटली संपली. मी पुण्याला फोन लावला, कुणी उचलला नाही. दोन दिवस काच धुळीनं भरली. तिसऱ्या दिवशी तारा माझ्याबरोबर माळ चढून आली. कमरेला डबा खोचलेला. त्यात गोवरीची राख, लुगड्याच्या फडक्यातून तीनदा गाळलेली, पिठाहून मऊ. मी म्हणालो, "नियम हाय, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई." ती म्हणाली, "मी दुसरी हाय का?" आणि तिनं चिमूटभर राख घेऊन, तोंडाची वाफ देऊन काच पुसली, आमच्या घरी कंदील पुसायची तशी, गोल गोल. मावळतीचं ऊन तिच्यावर पडलं आणि काच अशी चमकली की मला वाटलं आत दिवा आत्ताच लागला. पुढं रस्ते सुरू झाले, पुण्याहून पाच बाटल्या आल्या. मी एकदा त्या पाण्यानं पुसली. तारा बघून म्हणाली, "तुमच्या पाण्यानं काच रडती. राखेनं हसती." मलाही तसंच दिसलं. दिसलं हे खरं आहे. आता मला कळेना की माझ्या डोळ्यावर तेव्हा पडदा किती होता. ती पुसायची, मी चौथऱ्यावर बसून लिहायचो. वर्षातून एकदा पुण्याची माणसं यायची, भर दुपारी, पेटी उघडून आतला दिवा तपासायची, माझी वही चाळायची आणि "लई भारी, मामा" म्हणून निघून जायची. बाहेरची काच माझ्या फडक्याच्या भरवशावर होती. बाटल्या कोपऱ्यात तशाच राहिल्या.

त्याच सकाळी अकराला प्रियदर्शनी आली. ती धारूरला चालली होती, वाटेत माझी एक सही हवी म्हणून बीडला उतरली. बसल्या बसल्या म्हणाली, "डोळा कसा हाय मामा?"

"एक चांगला हाय."

"कोणता?"

"तेच बघायलोय."

ती हसली. तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि काळ्या पडद्यावर ठिपके दाखवले. हे बीड, हे लिंबागणेश, हा धारूरचा बाजार, आणि त्याच्या वरच्या अंगाला, सगळ्यांपासून लांब, हा एकटा ठिपका तुमचा. मी तो ठिपका आधी एका डोळ्यानं बघितला, मग दुसऱ्यानं. एकाला तो गारेसारखा दिसला आणि एकाला ज्वारीच्या जुन्या दाण्यासारखा. ती बोलत होती आणि मी एकेक शब्द पकडत होतो. पाच वर्षांत माझा दिवा वरून शंभरात सहा कमी दिसायला लागला होता. एकदम नाही, हळूहळू. पेटीतला मीटर म्हणत होता की दिवा होता तेवढाच आहे.

"म्हंजे काय झालं, मामा?"

"म्हंजे वरचा डोळा गेला."

"बरोबर. पण एक भानगड हाय. तोच डोळा दर महिन्याला चंद्राकडं बी बघतो. चंद्राचा उजेड किती ते आमच्याकडं मांडून ठेवलेलं हाय. आन् चंद्र म्हणतो, डोळा ठणठणीत." तिनं लॅपटॉपवर बोट आपटलं. "दोन वर्षं हापिसात हेच चाललंय. चंद्र खरा का बंकटमामा खरे."

योगिता चहा घेऊन आली होती, ती उभीच राहिली. "मग काय ठरलं, ताई?"

"मी म्हटलं, मामा खरे. चंद्राचं गणित चुकू शकतं. ह्यांच्या वहीत एक दिवस रिकामा न्हाई. मामी गेल्या त्या दिवशी बी 'काच पुसली' लिहिलंय. मी ते पान सगळ्यांपुढं ठेवलं. मग गप झाले."

"आबासाठी चंद्राला खोटं पाडलं का तुमी," योगिता म्हणाली आणि तिचे डोळे भरले. तारा गेली त्या दिवशी सगळी माणसं अंगणात बसली असताना मी खरंच माळ चढून गेलो होतो. डबा बरोबर घेतला होता. फडकं हातात धरलं तेव्हा कळलं की तीन वर्षांत मी ते एकदाच धरलंय, ते कुठून फिरवायला सुरुवात करायची हेसुद्धा मला आठवत नाही. मी आधी उजवीकडून फिरवलं, मग डावीकडून. मग लिहिलं. तेव्हापासून त्या डब्यातली राख मी रोज नखावर मावेल एवढीच घेत आलो, कारण तिनं गाळून ठेवलेली तेवढीच होती आणि तशी गाळायला मला जमत नव्हतं. बीडला येतानाही डबा घरी ठेवायला मन झालं नाही. तो आत पिशवीत होता, कपड्यांच्या खाली. पंधरा दिवस माळावर माझ्या जागी पुण्याचा एक माणूस थांबला होता, तो बाटलीच्या पाण्यानं पुसत असणार.

प्रियदर्शनीनं एक कागद पुढं केला. "सोमवारी सगळे आकडे बदलणार. जुने पाच वर्षांचे बी. सगळ्या जगाचे. त्याच्या आधी तुमची सही लागती, बाकी काही न्हाई."

कागदावरची अक्षरं उजव्या डोळ्याला फार टोकदार दिसली, ओळखू येईनात. अक्षर मी डाव्या डोळ्याच्या काळात शिकलो होतो. मी उजवा झाकला आणि वाचलं. काच दररोज, नेमलेल्या व्यक्तीने, दिलेल्या द्रवाने पुसली आहे. मी ते दोनदा वाचलं. सही केली तर सोमवारी सगळ्या जगाची गावं होती त्यापेक्षा उजळ होतील, कुठल्या तरी वस्तीवरचा अंधार कागदावर थोडा कमी भरेल, आणि ते कुणालाही कधी कळणार नाही. नाही केली तर ही पोरगी माझ्यामुळं चंद्राशी भांडली म्हणून मान खाली घालून परत जाईल, दिवा काढून नेतील, आणि कुठल्या तरी वहीत लिहिलं जाईल की धारूरच्या एका बाईनं चुलीच्या राखेनं पृथ्वीचा उजेड बिघडवला. आणि तेही खरं असेल की नाही, कुणास ठाऊक. वरचा डोळा खरंच म्हातारा झाला असेल. दोन्ही झालं असेल. थोडी काच गेली असेल, थोडा डोळा गेला असेल, जसं माझं. मला एवढंच कळत होतं की मला कळत नाही, आणि कागदाला मात्र पक्कं उत्तर हवं होतं.

"आबा, पेन चालंना का?" योगितानं विचारलं.

"तो कंदील इकडं आण," मी म्हणालो.

तिनं कंदील आणला. मी वरचं टोपण उचलून काच काढली, उन्हात धरली आणि प्रियदर्शनीच्या हातात दिली. "बघ. हे तारानं पुसलेलं हाय. राखेनं."

तिनं काच फिरवून बघितली. चांगली म्हणून मान हलवली. मग तिची मान मध्येच थांबली. बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत लांब गेली.

"माळावरची बी?" तिनं हळूच विचारलं.

"ती बी."

"बाटल्या पाठवल्या होत्या ना, मामा?"

"पाचीच्या पाची हायत. बूच उघडलंय ते एकीचंच."

"कावून?" ती म्हणाली. उरलीसुरली पुण्याची बोलीही तिच्या तोंडातून गेली होती. "कावून असं केलं, मामा? मी सगळ्यांपुढं..." ती उठून खिडकीपाशी गेली. योगिता एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती, मग तिनं सहीचा कागद उचलून वाचला आणि परत ठेवला. तिनंच मला वाचायला शिकवलं होतं, तिला सांगायला काही उरलं नव्हतं.

"आमाला काच चांगली दिसायची," मी म्हणालो. "खोटं बोलायचं म्हणून न्हाई केलं."

प्रियदर्शनी वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, ते मला दोन्ही डोळ्यांनी बघूनही कळलं नाही. "कवापासून?" तिनं विचारलं. "तारीख सांगता येईल का? तारीख नसंल तर सगळंच गेलं."

"वहीत हाय. बाटली संपल्यावर दोन दिवस मी 'बाटली संपली' असं लिवलंय. राख तिसऱ्या दिवशी."

तिनं लॅपटॉपवर माझ्या वहीची पानं काढली, फोटो काढून ठेवलेली. पान सरकत गेलं, काच पुसली, काच पुसली, काच पुसली, आणि मध्ये एके ठिकाणी ती दुसरी ओळ, दोनदा, ट उलटा काढलेला. ती त्या ओळीवर थांबली. मग भराभर बोलायला लागली, माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलावं तशी. नवी काच घ्यायची. तीच राख, तसंच फडकं. पाच वर्षांत पुसली तितक्या वेळा पुसायची, अठराशे वेळा, आणि किती धुरकट होते ते मोजायचं. तेवढं सहातून वजा केलं की जे उरेल ते वरच्या डोळ्याचं. काही उरलं तर. "राख मिळंल का तसलीच?"

मी आत जाऊन पिशवीतून डबा आणला. तिनं झाकण उघडून बघितलं, जेमतेम अर्धा होता. "पुरंल," ती म्हणाली. "संपंल पण पुरंल. तुमाला पुण्याला यावं लागंल, मामा. मशीनला जमायचं न्हाई, हात तुमचाच लागणार. सहा वर्षं सही तुमची हाय. जेवढा जोर रोज देता तेवढाच द्यायचा."

मी मान हलवून मोकळा झालो असतो. ती मला सोडवत होती, आणि तिलाही सुटायचं होतं. डबा तिच्या हातात होता, त्याच्या काठावर ताराच्या अंगठ्याएवढी जागा घासून चमकली होती. आधी ती मला दिसली नव्हती.

"तीन वर्षं हात माझा नव्हता," मी म्हणालो. "ती पुसायची. मी लिवायचो."

प्रियदर्शनी खाली बसली. या वेळी ती चिडली नाही. तिनं कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर तारीख टाकली, पेन धरलं आणि डॉक्टर विचारतात तशी विचारायला लागली. मामी दिवसाला किती फेरे द्यायच्या. मी म्हणालो, सात-आठ. कुठल्या हातानं. उजव्या. आणि हात कसा होता मामींचा, जड का हलका.

"हलका," मी म्हणालो.

"हलका?" योगिता म्हणाली. "लई जड होता, आबा. वेणी घालायची तवा डोळ्याला पाणी यायचं माझ्या."

"मला ताप आलता तवा कपाळावर ठेवायची. असल्याचं कळायचं बी न्हाई."

"भाकरी थापायची तर आवाज शेजारी जायचा."

प्रियदर्शनी काहीच लिहीत नव्हती. ती म्हणाली, "दोन्ही कसं धरू?" चाळीस वर्षं तारा माझ्या घरात होती आणि तिचा हात किती जड होता ते मला सांगता येत नव्हतं. मी कंदिलाची काच मांडीवर घेतली. योगितानं तिच्या ओढणीचं टोक दिलं, ते मी बोटाला गुंडाळलं, डब्यातली राख नखावर घेतली आणि काचेवर ठेवली. उजवा डोळा मिटला, मग डावा. मग दोन्ही मिटले आणि फिरवायला लागलो, आधी जोर देऊन, मग कमी, मग त्याहून कमी.

"असा न्हाई," योगिता म्हणाली. ती खाली बसली, माझ्या हातावर तिनं स्वतःचा हात ठेवला आणि दाबला. "एवढा."

"न्हाई, इतका नव्हता," मी म्हणालो. "पण थांब. हात काढू नको."